विश्लेषण : तळघरातला बॅटरीवरचा पंप ऐन वादळात दगा का देतो?

अमेरिकेत न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट किंवा कॅनडात टोरांटोच्या परिसरात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या घरात बेसमेंट म्हणजे जवळजवळ आणखी एक मजलाच असतो. पाहुण्यांची खोली, मुलांचे टेबल टेनिस, गणपतीच्या आराशीची खोकी, रिकाम्या बॅगा, कधी घरगुती मैफल तर कधी मंडळाच्या नाटकाची तालीम, सगळे तिथेच. हा मजला कोरडा ठेवतो तो कोपऱ्यातल्या झाकणबंद खड्ड्यात बसवलेला एक पंप. तो विजेवर चालतो आणि ज्या वादळात त्याची खरी गरज असते, त्याच वादळात वीज जाते. म्हणून त्याच्या जोडीला बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवतात. तो बसवला की काळजी मिटली असा समज असतो. प्रत्यक्षात हा पंप महिनोन् महिने चालतच नाही, त्याची बॅटरी त्या काळात गुपचूप म्हातारी होते आणि हे कळते ते गालिचा भिजल्यावर. उन्हाळी सुट्टीत घर बंद करून भारतात येणारे आणि मुलांकडे सहा महिने राहायला जाणारे आईवडील, दोघांनीही हे यंत्र समजून घ्यायला हवे.

‘संप’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘संप’ म्हटले की कामगारांचा संप आठवतो किंवा इमारतीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी. अमेरिकेतल्या घरातला संप याच्या अगदी उलट आहे. तिथे पाणी साठवायचे नसते, बाहेर घालवायचे असते. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात जमीन काही फुटांपर्यंत गोठते. घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो. तेवढे खणायचेच आहे तर आणखी थोडे खणून तळघर करावे, हा तिथला जुना हिशेब. पण जमिनीत उतरलेल्या भिंतींभोवती पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी साचते. ते पायालगतच्या छिद्रे असलेल्या पाइपांतून एका खड्ड्यात आणले जाते. हा खड्डा म्हणजे संप. साधारण १८ इंच व्यासाचा आणि दोन-अडीच फूट खोल. पाणी ठरावीक पातळीला आले की तरंगणारा फ्लोट वर उचलला जातो, पंप सुरू होतो आणि पाणी पाइपाने घराबाहेर, पायापासून दूर फेकले जाते.

तुमची मुले डॅलसला किंवा बे एरियात असतील तर हा प्रश्न बहुधा तुमचा नाही. तिथल्या बहुतेक घरांना तळघर नसते.

वीज जाणे आणि पाणी येणे एकाच वेळी का?

कारण दोन्हींमागे वादळच असते. झाडे तारांवर पडतात, ट्रान्सफॉर्मर उडतो, आणि त्याच तासाला जमीन पाणी शोषून शोषून तुडुंब झालेली असते. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा त्या राज्यात लाखो घरांची वीज गेली आणि कित्येक ठिकाणी ती यायला आठवड्याहून अधिक काळ लागला. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या शेपटीने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच, म्हणजे ८० मिलिमीटर पाऊस पाडला.

वीज न जाताही मुख्य पंप थांबू शकतो. मोटार जळते, फ्लोट वायरीत अडकतो, किंवा भिंतीवरच्या सॉकेटचा सुरक्षा स्विच पडतो आणि कुणाचे लक्षच जात नाही. अशा वेळीही दुसरा पंप धावून येतो. म्हणूनच ‘आमच्या भागात वीज जात नाही’ हा तो न बसवण्याला फारसा पटणारा आधार नाही.

बॅटरीवरचा पंप चालतो कसा?

महाराष्ट्रात ज्यांनी भारनियमनाचे दिवस इन्व्हर्टरवर काढले, त्यांना हे समजायला दोन मिनिटे पुरतील. एक १२ व्होल्टची बॅटरी, तिला सतत भरलेली ठेवणारा चार्जर आणि एक लहान पंप, एवढाच मामला. फरक असा की, बहुतेक घरांत इथे इन्व्हर्टर नसतो. पंपच १२ व्होल्टवर थेट चालणारा असतो. तो त्याच खड्ड्यात, पण मुख्य पंपापेक्षा थोडा वर बसवतात. त्याचा फ्लोटही वरच्या पातळीला असतो. मुख्य पंप नीट चालत असेल तोवर पाणी त्या पातळीपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचले, तर मुख्य पंप बंद आहे किंवा त्याला पाणी आवरत नाही, असा अर्थ. मग दुसरा पंप सुरू होतो आणि कंट्रोल बॉक्सवर भोंगा वाजतो.

मुख्य पंप इन्व्हर्टरवर चालवण्याची सोयही मिळते. ती महाग, बॅटऱ्याही मोठ्या लागतात, पण पंपाची ताकद पूर्ण मिळते.

बॅटरी किती तास पुरेल?

खोक्यावर ‘अमुक दिवस चालते’ असे लिहिलेले असते. ते वाचून विसरून जावे आणि आपल्या खड्ड्याचा हिशेब स्वतः करावा. तो अवघड नाही.

जोराच्या पावसात मुख्य पंपाचा प्लग काढा आणि बरोबर एक मिनिट पाणी किती इंच चढते ते मोजपट्टीने बघा. प्लगवरचा हात सोडू नका, मिनिट झाले की परत लावा. १८ इंच व्यासाच्या खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण चार लिटर. मिनिटाला पाच इंच चढले तर २० लिटरच्या आसपास पाणी येते आहे, म्हणजे तासाला बाराशे लिटर.

आता पंपाकडे बघा. त्याची क्षमता तासाला किती गॅलन अशी लिहिलेली असते. यातला सर्वात मोठा आकडा अनेकदा पाणी मुळीच वर चढवायचे नसतानाचा असतो. तळघरातून पाणी आठ-दहा फूट वर न्यावे लागते. त्यामुळे १० फूट उंचीसमोरचा आकडा शोधा, तोच खरा. समजा तो तासाला १००० गॅलन आहे. गॅलनमागे पावणेचार लिटर धरले तर मिनिटाला सुमारे ६३ लिटर. मिनिटाला येते २० लिटर आणि उपसले जाते ६३. म्हणजे पंप साधारण एक तृतीयांश वेळच चालेल.

शेवटी बॅटरी. तिच्यावर १०० अँपिअर-तास लिहिले असेल, तर तो आकडा बहुधा २० तासांच्या संथ वापराचा, म्हणजे ५ अँपिअरने २० तास असा असतो. पंप १५ अँपिअर ओढत असेल तर भागाकार करून साडेसहा तास काढू नका. प्रवाह जास्त ओढला की बॅटरीची क्षमता घटते. नव्या बॅटरीवर सलग पाच तास धरा. पंप एक तृतीयांश वेळ चालणार असल्याने ते होतात १५ तास. तीन वर्षे जुन्या बॅटरीवर याच्या निम्मेही मिळतील याची खात्री नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रिकामी झालेली बॅटरी भरायला वेळ लागतो. अनेक संचांसोबतचे चार्जर लहान असतात. ५ अँपिअरच्या चार्जरला १०० अँपिअर-तासांची बॅटरी भरायला पूर्ण दिवस पुरत नाही. सोमवारी रात्री वादळ झाले, मंगळवारी सकाळी वीज आली आणि मंगळवारीच संध्याकाळी दुसरे वादळ आले, तर तुमच्याकडे अर्धीच बॅटरी आहे. उन्हाळ्यात वादळे अशी पाठोपाठ येतात. ज्यांच्या खड्ड्यात पाणी वेगाने चढते, त्यांनी दोन बॅटऱ्या घेणाऱ्या संचाचा विचार करावा. मात्र दोन्ही एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जुनीला नवी जोडली की जुनी नवीलाही ओढते.

गाडीची बॅटरी लावली तर?

लावू नका. गाडीच्या बॅटरीचे काम काही सेकंद प्रचंड प्रवाह देऊन इंजिन सुरू करण्याचे असते. तिच्या आतल्या पट्ट्या पातळ असतात. ती दोन-चार वेळा पूर्ण रिकामी झाली की संपली. इथे लागते ‘डीप सायकल’ बॅटरी, म्हणजे हळूहळू रिकामी होऊन पुन्हा भरण्यासाठी बनवलेली. आपल्याकडे इन्व्हर्टरला ट्युब्युलर बॅटरी घ्या म्हणतात, त्यामागेही हेच कारण.

त्यातही दोन प्रकार. पाणी घालावे लागणारी, म्हणजे द्रवरूप आम्लाची, आणि एजीएम, म्हणजे बंद. पहिली स्वस्त, पण तिची काळजी घ्यावी लागते. दुसरी महाग, पण पाणी बघायची कटकट नाही. घरात कुणी दर तीन महिन्यांनी तळघरात उतरून झाकणे उघडणार नसेल, तर जास्त पैसे मोजून एजीएम घेतलेली बरी. मात्र चार्जर त्या प्रकाराला चालतो का, हे पुस्तिकेत बघून घ्यावे.

देखभाल काय करायची?

पाण्याच्या बॅटरीत दर तीन-चार महिन्यांनी पातळी बघा. पट्ट्या पाण्याखाली बुडलेल्या असल्याच पाहिजेत. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचे किंवा ‘स्प्रिंग वॉटर’ म्हणून मिळणारे बाटलीतले पाणी नाही आणि आम्ल तर मुळीच नाही. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर पाणी भरावे, कारण चार्ज होताना पातळी थोडी वर येते. आधी काठोकाठ भरले तर आम्ल बाहेर सांडते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढे पाणी घालून मग चार्ज करावे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते. ती दिसायला किरकोळ, पण १५ अँपिअरच्या वाटेत ती भिंतीसारखी उभी राहते. बॅटरी भरलेली असते, पंप चांगला असतो आणि मध्येच वीज अडते. चार्जरचा प्लग काढा, आधी ऋण आणि मग धन बाजूची तार सोडवा, खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा आणि पुसून कोरडे करा. सोडा बॅटरीच्या आत जाता कामा नये, त्यामुळे वरची झाकणे घट्ट बंद हवीत. जोडताना उलटा क्रम, आधी धन आणि शेवटी ऋण. हातातली अंगठी, बांगडी, साखळी काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेत.

चार्ज होताना या बॅटरीतून थोडा हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे ती हवाबंद कपाटात किंवा गॅसवर चालणाऱ्या वॉटर हीटरच्या ज्योतीशेजारी ठेवू नये. फरशीपासून उंच फळीवर ठेवावी. काँक्रीटच्या फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते असे जुने लोक सांगतात. आजच्या प्लास्टिकच्या खोक्यातल्या बॅटरीला ते लागू नाही. पण तळघरात पाणी आलेच तर फरशीवरची बॅटरी आधी बुडेल, एवढे कारण पुरेसे आहे.

बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवर ठळक लिहा. पाण्याच्या बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे. चौथ्या वर्षी ‘अजून चालतेय की’ हे वाक्य ऐकू आले तर ती खरोखर किती वेळ चालते, हे तपासण्याची वेळ झाली. जुनी बॅटरी दुकानात परत दिली की नव्या बॅटरीसोबत घेतलेली अनामत रक्कम परत मिळते. ती कचऱ्यात टाकू नये.

खड्डाही वर्षातून एकदा साफ करायचा असतो. त्यात खडी, गाळ, कधी जमिनीतल्या लोहामुळे धरणारा नारिंगी, बुळबुळीत थर असतो. हा थर फ्लोटवर चढला की फ्लोट जड होतो आणि अडकतो.

चाचणी बटण दाबले की झाली?

नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. कंट्रोल बॉक्सवरचे बटण दाबले की पंप काही सेकंद गरगरतो आणि हिरवा दिवा दिसतो. मरणासन्न बॅटरीही काही सेकंद पंप फिरवू शकते. शिवाय त्या वेळी चार्जर भिंतीला जोडलेला असतो.

खरी चाचणी अशी. मुख्य पंपाचा प्लग काढा. बॅटरीच्या चार्जरचाही प्लग काढा, हा दुसरा प्लग बहुतेक जण विसरतात. आता बादलीने खड्ड्यात पाणी ओता. पाणी वरच्या पातळीला आल्यावर फ्लोट उचलला जातो का, पंप आपोआप सुरू होतो का आणि भोंगा वाजतो का, ते बघा. एकाला बाहेर उभे करा. पाइपातून पाणी खरेच पडते आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहायला हवे. एवढे दर तीन महिन्यांनी.

वर्षातून एकदा, बर्फ वितळण्याआधी किंवा लांबच्या प्रवासाआधी, बागेची नळी खड्ड्यात सोडून पंप पंधरा-वीस मिनिटे बॅटरीवर चालवा आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावून ठेवा. काही मिनिटांतच आकडा साडेअकरा व्होल्टच्या खाली घसरला, तर बॅटरीचे दिवस भरले. पंप पाण्याविना कोरडा चालवू नका. नुसती विश्रांतीतली बॅटरी तपासायची असेल तर चार्जर काढून काही तास थांबा. १२.६ किंवा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जर काढल्या काढल्या दिसणारा १३ च्या पुढचा आकडा फसवा असतो. मल्टिमीटर वापरता येत नसेल, तर वाहनांच्या सुट्या भागांच्या अनेक दुकानांत बॅटरी फुकट तपासून देतात.

चाचणीनंतर दोन्ही प्लग परत लावायला विसरू नका. यावर एक साधा उपाय म्हणजे चाचणीपूर्वी गाडीची किल्ली त्या प्लगशेजारी ठेवणे. किल्ली घ्यायला खाली यावेच लागते.

पंप चालतो आहे, तरीही पाणी कमी का होत नाही?

अशा वेळी दोष बहुधा पंपाचा नसून पाइपाचा असतो. दोन्ही पंप पुढे एकाच पाइपाला जोडलेले असतील तर प्रत्येकाला स्वतःचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप हवी. ती नसेल तर बॅटरीचा पंप पाणी वर ढकलतो आणि ते मुख्य पंपाच्या वाटेने पुन्हा खड्ड्यात येते. पंप तासन्‌तास चालतो, बॅटरी संपते, पाणी तेवढेच.

दुसरे कारण हवेचा अडथळा. पंपाच्या आत हवा कोंडली की तो नुसता फिरतो. त्यासाठी झडपेच्या खाली पाइपाला तीन-चार मिलिमीटरचे बारीक भोक ठेवतात. त्यातून पाण्याची चिळकांडी उडताना पाहून काही जण ‘गळती’ म्हणून ते बुजवतात. ते बुजवू नका, त्याचे तोंड खड्ड्याच्या आत राहील एवढे बघा.

तिसरे कारण हिवाळ्यातले. बाहेरचा पाइप बर्फाने बंद होतो. पाइपाला बाहेरच्या दिशेने उतार असावा, त्यात पाणी साचून राहू नये. घराबाहेर पडताच पाइपाला जाळीसारखी उघडी तोटी बसवली, तर पुढचा पाइप गोठला तरी पाणी तिथून बाहेर पडते. हे पाणी मैलापाण्याच्या गटारात सोडायला अनेक गावांत बंदी आहे, त्यामुळे प्लंबरने सोपा मार्ग सुचवला तरी आधी नगरपालिकेचा नियम बघावा.

घरी फक्त आईबाबा असताना भोंगा वाजला तर?

हा प्रसंग अनेक घरांत येतो. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत आणि तळघरातून बीप-बीप. आवाज बंद करायचे बटण सापडते, ते दाबले जाते आणि संध्याकाळपर्यंत विषय विसरला जातो. त्या आवाजाचा अर्थ मात्र तीनपैकी एक असतो. वीज गेली आहे, बॅटरी खराब झाली आहे, किंवा मुख्य पंप बंद पडून दुसरा सुरू झाला आहे. तिसरा अर्थ असेल तर घड्याळ सुरू झालेले असते.

कंट्रोल बॉक्सवर कोणता दिवा काय सांगतो, हे मराठीत कागदावर लिहून शेजारी चिकटवून ठेवावे. त्याखाली ‘आवाज बंद करण्याआधी दिव्यांचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा’ एवढे एक वाक्य. आणि एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. फरशीवर पाणी आलेले दिसले तर त्यात पाय टाकू नये. सॉकेट, एक्स्टेन्शनची वायर किंवा फ्रीजर पाण्यात असेल तर विजेचा धक्का जीवघेणा ठरतो. मेन स्विच तळघरातच असेल तर तिथे न जाता वर थांबून वीज कंपनीला फोन करायला सांगावे.

चार आठवडे भारतात येताना काय करायचे?

जून-जुलैत शाळांना सुट्टी लागते आणि घर बंद करून लोक भारताच्या विमानात बसतात. न्यू जर्सी किंवा शिकागोत हाच काळ गडगडाटी वादळांचा. निघण्याच्या आठवडाभर आधी वर सांगितलेली पूर्ण चाचणी करा. आदल्या दिवशी नको. बॅटरी बदलावी लागली तर हाताशी वेळ हवा आणि चाचणीत उतरलेली बॅटरी भरायलाही दिवस लागतो. घर बंद करताना वीज वाचवायला ब्रेकर पाडायची सवय असेल, तर पंपाचा आणि चार्जरचा ब्रेकर त्यातून वगळा.

फोनवर इशारा देणारे कंट्रोल बॉक्स मिळतात. पण ते घरातल्या वायफायवर अवलंबून असतात. वीज गेली की राउटर बंद आणि नेमका तेव्हाच इशारा येत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावला तर काही तास निभावते. इंटरनेट कंपनीची लाइनच बंद पडली तर त्याचाही उपयोग नाही. त्यामुळे उपकरण ‘ऑफलाइन’ झाल्याचा संदेश आला तर तोच इशारा समजा. उन्हाळ्यात न्यू जर्सी भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे रात्रीचे दोन वाजलेले असताना पुण्यात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे तुम्ही जागे असता. पण किल्ली असलेला, तळघर कुठे आहे ते माहीत असलेला शेजारी गाढ झोपेत असतो. अशा शेजाऱ्याला एकदा खाली नेऊन पंप दाखवून ठेवा आणि रात्री फोन करायची परवानगी आधीच घ्या.

बॅटरीशिवाय दुसरा पर्याय?

नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारा पंप असतो. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, तो कितीही तास चालतो. पण दोन गॅलन उपसायला साधारण एक गॅलन पिण्याचे पाणी वाया जाते, आणि ज्यांच्या घरी स्वतःची बोअर आहे त्यांना त्याचा उपयोग नाही. वीज गेली की बोअरही बंद. जनरेटर असेल तर उत्तमच. फक्त तो घरात, तळघरात किंवा गॅरेजचे दार उघडे ठेवूनही चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेतो. तो घरापासून किमान २० फूट लांब, मोकळ्यावर ठेवावा.

विमा भरपाई देतो ना?

इथे अनेकांचा अपेक्षाभंग होतो. अमेरिकेतल्या घराच्या सर्वसाधारण विम्यात संपमधून उलटून आलेल्या पाण्याचे नुकसान धरलेले नसते. त्यासाठी वेगळे जोडकलम घ्यावे लागते आणि त्याला भरपाईची मर्यादा असते. केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेत तळघराला मर्यादितच संरक्षण आहे. भट्टी, वॉटर हीटर, संप पंप अशा गोष्टी त्यात येतात, पण सजवलेल्या भिंती, फरशी आणि सोफा येत नाही. तोही आज घेतला तर साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी पाहून घेता येत नाही. जोडकलम घेतले असेल तर बॅटरी बदलल्याच्या पावत्या आणि चाचणीचे तारखेसह फोटो जपून ठेवावेत. पंपाची देखभाल केली होती का, हा प्रश्न दाव्याच्या वेळी येऊ शकतो.

हा पंप कशासाठी नाही?

जमिनीतून झिरपणारे पाणी हा त्याचा आवाका. रस्त्यावरून, जिन्यातून किंवा खिडकीतून आत घुसणारा लोंढा तो रोखू शकत नाही. आयडाच्या रात्री न्यूयॉर्क शहरात १३ जण गेले, त्यातले ११ तळघरांतल्या घरांत. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत राजेंद्र नगरमधल्या एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. तसे पाणी येऊ लागले की पंप, बॅटरी, खोकी सगळे सोडून वर यायचे.

आपल्याकडच्या सोसायट्यांचे काय?

पुण्या-मुंबईत नव्या इमारतींना एक-दोन मजली भूमिगत पार्किंग असते आणि तिथेही असाच खड्डा, असेच फ्लोटवरचे पंप असतात. बॅटरीऐवजी ते जनरेटरच्या भरवशावर असतात. जनरेटरची चाचणी घेताना लिफ्ट आणि जिन्यातले दिवे बघितले जातात, पाणी उपसणारा पंप त्या जोडणीवर खरेच चालतो का, हे क्वचितच. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी विचारता येतील. मेन स्विच पाडून हा पंप शेवटचा कधी चालवून पाहिला होता, आणि त्याचे पॅनेल पार्किंगच्या सर्वात खालच्या मजल्यावर, पाणी सर्वात आधी पोहोचेल अशाच जागी तर नाही ना?